सेक्रेड म्युझिकमध्ये मास्टर्स करताय? पैशांच्या या चुका टाळा

अमेरिकेत चर्च संगीत शिकायला निघालेल्या मुलांची ऑफर लेटर मी अधूनमधून वाचून देते. कुणाचा ऑर्गन असतो, कुणाचं कॉयर कंडक्टिंग. वाद्य बदलतं, घोळ तोच राहतो. ‘फुल ट्युशन’ हे दोन शब्द दिसले की पुढचं कुणी वाचत नाही.

‘फुल ट्युशन’ म्हणजे सगळा खर्च नव्हे

ट्युशन म्हणजे फक्त शिकवण्याची फी. विद्यापीठाची इतर शुल्कं, आरोग्य विमा, भाडं, जेवण हे सगळं त्याच्या बाहेर राहू शकतं. समजा, पत्रात लिहिलंय: पूर्ण ट्युशन माफ आणि नऊ महिने दरमहा १,५०० डॉलर स्टायपेंड. ऐकायला छान. पण भाडं बारा महिने द्यावं लागतं. १३,५०० भागिले १२ म्हणजे महिन्याला १,१२५ डॉलर. त्यातून विमा आणि कर काढा आणि मग त्या शहरातली भाडी बघा.

दुसरा प्रश्न दुसऱ्या वर्षाचा. मदत आपोआप पुढे चालू राहते की दरवर्षी नव्याने ठरते? त्यासाठी किती ग्रेड लागतात? हे ईमेलवर लेखी मागा. या क्षेत्रात मोठमोठी नावंही टिकत नाहीत. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीतलं स्कूल ऑफ सेक्रेड म्युझिक १९७३ मध्ये बंद झालं; त्याचा वारसा घेऊन त्याच वर्षी येलचं इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिक उभं राहिलं, तेही मोठ्या देणगीवर. येल स्कूल ऑफ म्युझिकची ट्युशन माफ झाली तीसुद्धा २००५ मध्ये मिळालेल्या १० कोटी डॉलरच्या देणगीमुळे. तेव्हा विभागाला सरळ विचारा, ‘ही मदत कायमस्वरूपी निधीतून येते की यंदाच्या बजेटमधून?’ प्रश्न आगाऊ वाटतो, पण विचारल्याने कुणाची ऑफर गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

रविवारची कमाई आधीच धरून चालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘चर्चमध्ये वाजवीन, भाडं सुटेल,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की पहिला प्रश्न व्हिसाचाच विचारते.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. गावातलं चर्च म्हणजे कॅम्पस नव्हे. तिथल्या कामाला सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कॅम्पसबाहेर काम करण्याची) परवानगी लागते आणि ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. पदव्युत्तर अभ्यासक्रमातच असं काम सुरुवातीपासून सक्तीचं असेल, तर मात्र अपवाद होतो. परवानगी आय-२० वर (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर) चर्चच्या नावानिशी आणि तारखांसह छापून येते. त्या तारखेआधीचा एक रविवारही चालत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलाला चर्चने फार आपुलकीने सुचवलं होतं: पगार नको तर नको, हॉलच्या वरची खोली फुकट घे आणि बुधवारची तालीम सांभाळ. त्याला वाटलं, पैसेच घेत नाही तर काम कसलं? पण वाजवण्याच्या बदल्यात मिळालेली खोली हा मोबदलाच. लग्नात वाजवल्यावर हातात ठेवलेलं पाकीटही मोबदलाच. नशीब, हो म्हणायच्या आधी तो विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात गेला. परवानगीशिवाय काम आधीच झालं असेल, तर मित्रांचे सल्ले घेत बसू नका. थेट इमिग्रेशन वकील गाठा.

नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. त्यांची वेगळी आहे. चर्च नियमित ऑर्गनिस्टला ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार दाखवून त्याचा १०९९ हा कर-फॉर्म देऊ पाहतं. मग सेल्फ-एम्प्लॉयमेंट (स्वयंरोजगार) करापोटी निव्वळ कमाईवर साधारण १५.३ टक्के तुमच्या खिशातून जातात. वेळ, वाद्य, गाणी सगळं चर्च ठरवत असेल तर तुम्ही बहुधा कर्मचारी आहात; डब्ल्यू-२, म्हणजे पगारदाराचा फॉर्म मागा. पगार किती मागावा हे कळत नसेल, तर १८९६ पासून चालत आलेल्या अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स या ऑर्गनवादकांच्या संघटनेची वेतन मार्गदर्शिका बघा. करारात लग्न-अंत्यविधीचं मानधन आणि चर्चच्या ऑर्गनवर सरावाचे तास हेही लिहून घ्या. सरावाचे तास माझ्या मते पगाराइतकेच मोलाचे.

आणि पाद्रींना मिळणारा करमुक्त घरभत्ता दीक्षित धर्मसेवकांसाठी असतो. तुम्ही नुसते संगीतकार असाल तर तो हिशेबात धरू नका.

स्टायपेंडवर कर नसतो, हा समज

पदवी घेणाऱ्याला ट्युशन, सक्तीची शुल्कं आणि सक्तीची पुस्तकं यांपुरती शिष्यवृत्ती करमुक्त असते. भाड्या-जेवणासाठीचा भाग करपात्र. एफ-१ वरच्या अनिवासी विद्यार्थ्याच्या अशा रकमेतून सहसा १४ टक्के आधीच कापले जातात. पहिल्या महिन्याला कमी पैसे आले म्हणून घाबरू नका, चूक कुणाची नसते. पुढच्या वर्षी १०४०-एनआर हे अनिवासींचं कर विवरणपत्र भरा. भारत-अमेरिका कर-करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना त्यात स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) घेता येतं, त्यामुळे कापलेल्यातलं बरंच परत येऊ शकतं. बरेच जण फॉर्मच भरत नाहीत आणि पैसे सोडून देतात.

कर्जाची जुनी माहिती

अमेरिकेचं सरकारी कर्ज नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मोजक्या इतरांनाच मिळतं. पेल ग्रँट या सरकारी अनुदानाची वाट पाहू नका, ती पदवीपूर्व शिक्षणासाठी आहे. मास्टर्सच्या एफएएफएसएमध्ये (सरकारी मदतीच्या अर्जात) आईवडिलांचं उत्पन्न लागत नाही, हे मात्र चांगलं. नवीन कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून बंद, आणि साध्या पदव्युत्तर पदवीला वर्षाला २०,५०० डॉलर सरकारी कर्जाची मर्यादा. एम.डिव्ह.ची (पाद्री होण्यासाठीच्या पदवीची) मर्यादा जास्त आहे, पण सेक्रेड म्युझिकची पदवी त्यात बसेल असं गृहीत धरू नका.

घाईघाईत होकार

अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक मदतीच्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. मार्चमध्येच कुणी घाई करत असेल, तर ‘आपलं विद्यापीठ या ठरावात आहे का?’ एवढं नम्रपणे विचारा. दुसरी ऑफर हातात असेल तर आकड्यांसकट सांगा: ‘तिकडे विमा धरलाय, इकडे नाही, काही करता येईल का?’ फी बहुधा बदलत नाही. विमा, प्रवासखर्च, उन्हाळ्यातलं काम यांत मात्र विभागाला थोडी जागा असते, आणि ती मागणाऱ्यालाच मिळते.