सर्व्हरच्या डायलॉग बॉक्समध्ये कीबोर्ड अडतोय? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. बॅकअप बघणारे आमचे सहकारी दृष्टिहीन आहेत. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्राम ऐकत सगळं काम कीबोर्डवरच करतात. बॅकअप सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं आणि त्यांची हाक आली, "दादा, नुसतं 'बटन, बटन' म्हणतंय. कुठलं ते कळंना झालंय."

स्क्रीनवर उघडलेल्या छोट्या चौकटीत, म्हणजे डायलॉगमध्ये, प्रश्न होता: जुने बॅकअप पुसायचे का? खाली दोन चित्रं, एक कचरापेटी आणि एक फुली. दोन्हींना नाव नाही, फोकस (म्हणजे दाबलेली की जिथे लागू होते ती जागा) थेट कचरापेटीवर. एक एंटर दाबला असता तर महिन्याचे हिशेब गेले असते. बटनाला नाव द्या आणि पुसण्याच्या डायलॉगमध्ये फोकस आधी 'रद्द करा'वर ठेवा.

सर्वांत घातक चूक वेगळीच आहे. डायलॉग उघडतो, पण फोकस मागच्या पानावरच राहतो. टॅब दाबत गेलं की माणूस मागच्या सर्व्हरच्या यादीत फिरतो आणि भलत्याच सर्व्हरवर एंटर पडतो. एचटीएमएलचा डायलॉग टॅग शोमोडल या फंक्शनने उघडला तर फोकस आत येतो, मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपने डायलॉग बंद होतो आणि फोकस मूळ बटनावर परततो. फक्त एक अडचण उरते: ते बटन यादीतल्या ज्या ओळीत होतं ती ओळच पुसली गेली, तर परतायला बटन उरत नाही. तेव्हा फोकस पुढच्या ओळीवर तुम्हीच न्यायचा.

कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, लिहायच्या चौकटीतही माणूस अडकतो. तिथे टॅब दाबला की जागा सुटते, फोकस बाहेर येतच नाही. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीच्या 2.1.2 या निकषात हा सापळा 2008 पासून निषिद्ध आहे. बाहेर पडायची की ठेवा आणि ती चौकटीशेजारी लिहा.

डिव्ह या एचटीएमएलच्या साध्या चौकटीला रंग देऊन बटन बनवू नका, त्यावर एंटर आणि स्पेस आपोआप चालत नाहीत. फोकसची कडा दिसायला वाईट म्हणून काढू नका.

तपासताना माउस काढून ठेवा. फोकस हरवला की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये डॉक्युमेंट डॉट ॲक्टिव्हएलिमेंट बघा, 'बॉडी' (म्हणजे अख्खं पान) आलं तर फोकस खरंच सुटलाय. कंपनीला कळवताना व्हर्जन, डायलॉगचं नाव आणि दाबलेल्या की क्रमाने लिहा. आम्ही तसं कळवलंय. दुरुस्ती येईपर्यंत आमचे सहकारी बॅकअप कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, घेतात, आणि पुसण्याचं काम आम्ही दोघं शेजारी बसूनच करतो.