थायरॉइड काढल्यानंतर कॅल्शियम कसे सांभाळावे
थायरॉइडच्या मागे असलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणाऱ्या 4 पॅराथायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेत दुखावल्या, की साधारणपणे पहिल्या 2-3 दिवसांत रक्तातील कॅल्शियम उतरते आणि ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागतात. तसे झाल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. हात आखडले किंवा श्वास अडला, तर थेट रुग्णालय गाठावे. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी, मात्र थायरॉक्सिनच्या (थायरॉइड संप्रेरकाच्या) गोळीपासून ती किमान 4 तास दूर ठेवावी (इथे गल्लत होऊ शकते). पॅराथायरॉइड संप्रेरक कमी पडल्यास मूत्रपिंडे साध्या ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप पुरेसे बनवू शकत नाहीत, म्हणून कॅल्सिट्रिऑल, म्हणजे तेच सक्रिय रूप, औषध म्हणून देतात. त्याचा डोस मनाने वाढवू नये, कारण कॅल्शियम अति झाल्यास मूत्रपिंडांनाच इजा होते.