वावरातल्या चिमण्या ओळखताना: आधी चोच, मग पाठ, रंग शेवटी

सुरुवात रानात नको, गोठ्यात करा. घरचिमणीची मादी तिथे दहा फुटांवर बसते, आणि पुढची सगळी पाखरं तिच्याशीच ताडून पाहायची आहेत. नर सोपा असतो: राखाडी टोपी, डोळ्यामागून मानेकडे जाणारा तांबूस पट्टा, गळ्यावर काळा डाग. फसगत होते ती मादीपाशी. डोळ्यामागे फिकट भुवई, पाठीवर काळपट नि बदामी उभ्या रेघा, पंखावर एक फिकट पट्टा, छाती-पोट मात्र कोरं. चोच जाड आणि आखूड. जमिनीवर दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते, चालत नाही. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. डोळे मिटूनही ही पाठ आणि ही चोच आठवली पाहिजे, तोवर बाकीच्यांच्या मागे लागू नका.

नराच्या बाबतीत एकच सांगणं. हिवाळ्यात त्याच्या गळ्याचा डाग लहान आणि धुरकट दिसतो, कारण ताज्या पिसांची टोकं फिकट असतात. ती झिजली की खालचा काळा रंग उघडा पडतो. डाग लहान दिसला म्हणून जात बदलत नाही.

आता गावाबाहेर, मोहाकडे चला. मोहाच्या, पळसाच्या, बाभळीच्या फांद्यांवर जी सडपातळ ‘चिमणी’ दिसते ती बहुधा रानचिमणी, म्हणजेच पीतकंठी चिमणी. नाव पिवळ्या कंठाचं, म्हणून सगळे गळ्याकडे पाहतात आणि तिथेच चुकतात. तो पिवळा डाग गळ्याच्या खालच्या भागात असतो. पाखरानं मान वर केली तरच नीट दिसतो, आणि मादीत फारच फिका असतो. त्यातून सकाळच्या कोवळ्या उन्हात कुठलाही मातकट गळा पिवळा भासतो. ही चिमणी फुलांतला मधही खाते, तेव्हा चोचीभोवती परागकण लागलेले असले तर घोटाळा आणखी वाढतो. म्हणून आधी पाठ बघा. घरचिमणीच्या पाठीवर रेघा असतात, हिची पाठ एकसारखी राखी-तपकिरी, बिनरेघांची. चोच बारीक आणि टोकदार. विणीच्या दिवसांत नराची काळीभोर होते. पंखावर दोन पांढरे पट्टे, त्यांतला वरचा जास्त रुंद, आणि नराच्या खांद्यावर त्याच्या लगत तांबूस डाग. कोरी पाठ आणि दोन पट्टे एवढं दिसलं तरी नाव लिहायला हरकत नाही. घरटं झाडाच्या ढोलीत असतं. ढोलीत डोकावून खात्री करून घेऊ नका, लांबूनच पुरे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींना लहानपणी एअरगननं पाडलेल्या याच पाखराच्या पिवळ्या गळ्यानं कोड्यात टाकलं होतं, आणि ते विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. आज दुर्बीण पुरते. ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची असली म्हणजे झालं.

ज्वारीत दाणे भरले की सुगरणींचे थवे येतात. पावसाळ्यात पिवळ्या टोपीचा, काळ्या गालांचा सुगरण नर कुणीही ओळखेल. पण विणीचा हंगाम संपला की तोही मादीसारखा भुरा होतो, आणि अख्खा थवा चिमण्यांचा वाटतो. कणसाला लोंबकळलेलं पाखरू बाजूनं दिसेपर्यंत थांबा. सुगरणीची चोच चिमणीपेक्षा मोठी, शंकूसारखी, कपाळातून जवळपास सरळ निघालेली. शेपटी आखूड, जणू अर्धी छाटलेली. भुवई आणि गाल पिवळसर झाकेचे, आणि पंखावर चिमणीसारखा स्पष्ट पट्टा नाही. छातीवर ठळक काळ्या रेघा दिसल्या आणि जागा तळ्याकाठच्या पाणकणसांची असली, तर ती सुगरणीचीच दुसरी जात. वेगळी नोंद करा.

पडीक रानात किंवा वखरलेल्या काळ्या मातीत बसलेल्या ‘चिमणी’चे पाय पाहा. चालत असेल तर ती चिमणी नव्हेच. बुटकी, मातीसारखी, झाडाकडे न फिरकणारी असेल तर डोंबारी नावाच्या पाखराची मादी. जवळपास काळ्या पोटाचा नर सापडेलच, शीळ घालत उंच जाऊन धोंड्यासारखा खाली झेपावणारा. चोच बारीक, छातीवर रेघा आणि शेपटी खालीवर हलते आहे, तर तिरचिमणी.

मनोल्या सोप्या: जेमतेम ११ सेंटिमीटर, करडी-निळसर ठोकळ्यासारखी चोच. पांढऱ्या कंठाच्या मनोलीची शेपटी काळी आणि टोकदार असते.

हिवाळ्यात भारीट नावाची पाखरं येतात, नि इथे घाई नडते. काळ्या डोक्याच्या भारीटाची मादी वाळूच्या रंगाची, शेपटी चिमणीपेक्षा लांब, शेपटीखाली पिवळी झाक. तांबड्या डोक्याच्या भारीटाची मादी तिच्यासारखी इतकी दिसते की सोबत नर नसेल तर वहीत ‘भारीट मादी’ एवढंच लिहावं. अंदाजानं जात लिहिली तर पुढची सगळी नोंद नासते.

मोबाइलवरच्या ॲपनं ‘ट्री स्पॅरो’ सुचवलं, तर फोटो पुन्हा पाहा. गालावर काळा ठिपका आणि डोकं पूर्ण तांबूस असलेली ती चिमणी हिमालयाच्या भागातली, ईशान्येतली आणि पूर्व घाटातल्या काही जागांची. आपल्याकडचा नमुना बहुतेक वेळा उन्हानं टोपी तांबूस दिसलेला साधा घरचिमणा निघतो. उजेड पाठीमागे घेऊन, सकाळी आठच्या सुमारास दुसरा फोटो काढा.

थवा मोजताना एक पाखरू ओळखून त्याच नावावर दीडशे लिहू नका. ज्वारीवर सुगरण, घरचिमणी, भारीट आणि मनोली एकत्र बसतात. थवा उडून बाभळीवर बसला की डावीकडून वीस पाखरं एकेक करून पाहा: चोच, पाठ, शेपटी. वीसमध्ये किती कुणाची, ते लिहा. उरलेल्यांपुढे ‘न ओळखलेली’ लिहा.