शंभर किलोच्या स्क्वॉटची भीती कशी घालवावी

९५ किलो पाठीवर घेऊन बैठक नीट लागते. पण वीस किलोच्या बारच्या दोन्ही बाजूंना वीसच्या दोन-दोन प्लेटा चढल्या की तोच माणूस रॅकसमोर (बार ठेवायच्या उभ्या चौकटीसमोर) चार वेळा बेल्ट घट्ट करत बसतो. मग जिममधला कुणीतरी येऊन खांद्यावर थाप मारतो, "भावा, सगळं डोक्यात असतं." ऐकू नका. वजन खाली अडकलं तर काय करायचं, हे शरीराला कधी शिकवलेलंच नसतं; ते घाबरतं ते बरोबरच करतं.

आधी हिशोब. ८७.५ किलोचे सलग पाच रेप्स (एक रेप म्हणजे एकदा बसून उठणं) स्वच्छ निघत असतील, तर शंभरचा एक रेप तुमच्या आवाक्यात आहे. निघत नसतील तर अडचण मनाची नाही, ताकदीची आहे. गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर ती भीती नव्हे, सूचना आहे. त्या दिवशी घरी जा.

अडकलेला बार टाकायला शिका. मी सगळ्यात जास्त अडकलो ते इथेच, आणि बहुतेक ट्रेनर ही पायरी गाळतात.

रिकामा बार घेऊन पूर्ण खाली बसा. त्या वेळी बार जिथे असेल, त्याच्या दोन बोटं खाली दोन्ही सेफ्टी पिना, म्हणजे बार अडवणारे रॅकचे आडवे दांडे, लावा. पिना वर राहिल्या तर प्रत्येक रेपला बार आपटतो. फार खाली गेल्या तर त्यांचा उपयोगच नाही, कारण बार टेकायच्या आत तुम्ही दुमडलेले असता. पिना कितव्या भोकात लावल्या तो नंबर वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याच्या उंचीला लावलेल्या पिनांवर विसंबू नका.

आता ५० किलो लावा आणि मुद्दाम हरा. खाली बसा, उठायचा प्रयत्न सोडून द्या, छाती वर ठेवूनच आणखी खाली जा. बार पिनांवर टेकला की हात सोडा आणि पुढे सरकून बाहेर या. पहिल्यांदा लोखंडाचा जो खणखणाट होतो, त्याने अख्खी जिम वळून बघेल. बघू दे. पुढे ६०, मग ७० किलोवर हेच करा. चूक एकच होते: अडकल्यावर माणूस ढुंगण वर उचलून पुढे वाकतो आणि बार मानेकडे सरकतो. ते हलक्या वजनावरच मोडून काढा. ज्या रॅकला पिना नाहीत, तिथे शंभरचा नाद सोडा. "मी आहे ना मागे" म्हणणारा मित्र हा पिनांना पर्याय नाही.

वजनाखाली नुसतं उभं राहा. आठवड्यातून एकदा, नेहमीचे सेट संपल्यावर, १०५ किलो रॅकमधून उचला, दोन पावलं मागे या, दहा सेकंद थांबा, परत ठेवा. बैठक नाही. त्यानंतर शंभर पाठीवर आले की ओळखीचे वाटतात.

शंभर उचलायच्या दिवशी. २० (रिकामा बार), ५०, ७०, ८५, ९३, मग १००; मध्ये भरपूर विश्रांती. पोटात श्वास भरून रोखा, बसा, उठा. रक्तदाब असेल तर श्वास रोखण्याआधी डॉक्टरांना विचारा. स्पॉटरला, म्हणजे मदतीला मागे उभा राहणाऱ्याला, बजावून सांगा: उठताना बार परत खाली यायला लागल्याशिवाय हात लावायचा नाही. "हो हो हो, उठ" म्हणत दोन बोटं लावणारा स्पॉटर सगळ्यात वाईट; तो रेप तुमचा होता की त्याचा, हे कळत नाही आणि भीती तशीच राहते. गालावर चापट्या, चेव यायला नाकाला अमोनिया, कानात ढोल: पहिल्या शंभरला यातलं काही लागत नाही.

सोव्हिएत वेटलिफ्टर वासिली अलेक्सेयेवची गोष्ट जिममध्ये हमखास निघते: वजन कमी सांगून त्याला फसवलं, म्हणून त्याने १९७० साली अमेरिकेतल्या कोलंबसला ५०० पौंडांवरचा (सुमारे २२७ किलो) क्लीन अँड जर्क मारला, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेला, असं सांगतात. त्याच वर्षी त्याची प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क या तेव्हाच्या तीन प्रकारांची बेरीज ६०० किलोंवर गेली होती, हे कुणी सांगत नाही. ताकद होती म्हणून उचललं. मित्राला प्लेटा मोजू न देता वजन चढवायचा खेळ करू नका. पाठीवर किती आहे हे माहीत असलंच पाहिजे.

नाही उठलं तर? पिनांवर ठेवा, बाहेर या, प्लेटा उतरवा. त्याच दिवशी परत प्रयत्न नाही. बार कुठे थांबला ते वहीत लिहा: तळाशी अडकला असेल तर पुढचे काही आठवडे तळाशी दोन सेकंद थांबून ७० किलोचे सेट करा, अर्ध्यावर अडकला असेल तर ९० किलोचे दोन-दोन रेप्स वाढवा.