‘कसा वाटला सांगा’ म्हणण्याआधी: हौशी फोटोग्राफरांनो, या चुका टाळा

रविवारी सकाळी नागपूरचा अंबाझरी तलाव, संध्याकाळी फुटाळा, आणि रात्री दहाच्या आत चाळीस फोटो सगळ्यांपुढे. खाली एकच ओळ: ‘कसे वाटले, नक्की सांगा.’ ही ओळ वाचली की मला वाईट वाटतं. विचारणाऱ्याला खरंच शिकायचं असतं आणि त्याच्या वाट्याला येतं फक्त ‘एक नंबर, भाऊ!’

सगळ्यात मोठी चूक इथेच आहे: न निवडता टाकणं. मीही ती केली आहे. पहिल्यांदा मारबतीचे, म्हणजे नागपूरच्या मोठमोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचे, फोटो काढायला गेलो ते वर्ष. पोळ्याचा दुसरा दिवस, इतवारीत पाय ठेवायला जागा नाही, बडगे (मारबतीसोबतचे पुरुषी पुतळे) पुढे सरकताहेत, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर. सहाशेच्या वर फोटो काढले आणि त्याच रात्री 42 टाकले. कौतुक भरपूर झालं. दुसऱ्या दिवशी एका काकांचा फोन आला. 36 फोटोंच्या रोलवर आयुष्य काढलेला माणूस. म्हणाले, “बाबू, बेचाळीसच्या बेचाळीस पाहिले. त्यातला तुले कोणता आवडला?” मला सांगता येईना. “मंग मी कायले सांगू?”

त्यांनी घरी बोलावलं आणि माझ्याच हातून एकेक फोटो बाजूला काढवला. तासाभरानं तीन उरले. तीनच समोर असल्यावर जे दिसलं ते बेचाळीसमध्ये दडून बसलं होतं. तिन्ही एकाच फुटपाथवरून, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले. आणि काळ्या मारबतीच्या मागचं आकाश पांढरंफटक. फ्रेम काळ्या रंगानं भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो फोटो उजळ करतो, काळं करडं होतं आणि आकाश जळतं. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्यायचं, म्हणजे प्रकाश निम्मा करायचा, एवढंच होतं. पुढच्या वर्षी तेच केलं आणि रस्त्यावर बसून काढले.

तेव्हापासून फोटो काढल्यावर चार दिवस मी ते उघडत नाही. मिरवणुकीची धुंदी उतरली की डोळे खरं बघतात. मग एकच टाकतो. ‘तोवर सगळ्यांचे टाकून होतात ना,’ असं नवी मुलं म्हणतात. होऊ द्या. शिकायचं असेल तर पहिलं येण्याची घाई सोडावीच लागते.

दुसरी चूक, मोघम प्रश्न. ‘कसा आहे?’ला उत्तर ‘छान’ हेच येणार. ‘डाव्या कोपऱ्यातली सायकल नजर ओढते का?’ असं विचारा, माणूस थांबून बघतो. सोबत शटर (किती वेळ उघडं होतं), अॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं), आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील) लिहा. फोटो धूसर असेल तर आधी स्वतः मोठा करून बघा. सगळंच एका दिशेनं ओघळलं असेल तर हात हलला आहे. चेहरा धूसर पण मागची भिंत धारदार असेल तर फोकस चुकला आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो, दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रंग फिके दिसत असतील तर फाइल ॲडोब आरजीबीत (जास्त रंगांच्या, पण सगळ्या स्क्रीनना न कळणाऱ्या रंगपद्धतीत) आहे का बघा, नेहमीच्या एसआरजीबीत काढा. रात्री फोनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलेला फोटो दुसऱ्याच्या फोनवर काळवंडलेला दिसतो. फोटोवर भलंमोठं नाव टाकू नका. आणि विकतचे प्रीसेट (एडिटिंगच्या तयार सेटिंग्ज) पहिलं वर्षभर तरी नकोत. मे महिन्यातली नागपूरची दुपार कुणाच्या निळसर फिल्टरमध्ये बसत नाही.

मला सर्वात जास्त सलते ती वाद घालण्याची चूक. एका तरुणानं दीक्षाभूमीवरच्या गर्दीत एका आजींचा सुंदर फोटो काढला होता. चेहऱ्यावर ऊन, हात जोडलेले. कुणीतरी लिहिलं, स्तूपाचा कळस आजींच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं. बरोबर होतं. पोरानं सात उत्तरं लिहिली: गर्दी होती, मागून धक्के बसत होते, लेन्स साधी आहे. सगळं खरंच असेल. पण बघणाऱ्याला धक्के दिसत नाहीत, कळस दिसतो. त्यानंतर त्याच्या फोटोंवर जाणकारांनी लिहिणंच सोडलं. मी पहिला दिवस ‘धन्यवाद’ यापलीकडे शब्द लिहीत नाही. तोवर सुचवलेला बदल जमेल तसा करून बघतो. पटला नाही तर सोडतो, पण करून बघितल्यावर.

पिंगळ्याची ढोली, कुठल्याही पक्ष्याचं घरटं, यांची जागा कधीही लिहू नका. फाइलमधलं लोकेशनही काढून टाका. चार कॅमेरे रोज घरट्यापाशी उभे राहिले तर पक्षी पिल्लं टाकून जाऊ शकतो. कुठल्याही फोटोपेक्षा ते मोठं आहे.

आणि टीका झाली म्हणून फोटो पुसू नका. माझ्याकडे ‘परत काढायचे’ नावाचा फोल्डर आहे. प्रत्येक फोटोसोबत तारीख आणि कुणी काय म्हटलं ते लिहिलेलं. काकांकडे उरलेले ते तीन त्यात सगळ्यात वर आहेत. दर वर्षी पोळ्याच्या रात्री ते उघडतो आणि सकाळी इतवारीला निघतो.