तेरा वसाहतींची तुलना करायची? आधी सातबारा काढा

घोडबंदर रोडकडून नौपाड्यात माझ्या शिकवणीला येणारी आंतरराष्ट्रीय बोर्डाची मुलं, अमेरिकेतल्या तेरा ब्रिटिश वसाहतींची तुलना करा असा प्रश्न असला की, वहीत तीन रकाने आखूनच आणतात: उत्तर, मध्य, दक्षिण. मग हवामान, पिकं, धर्म असं भरत सुटतात. मी ते पान बाजूला ठेवायला लावते.

आधी प्रत्येक वसाहतीचा सातबारा काढा. जमीन दिली कोणी आणि लागली कोणाच्या नावावर? कंपनीच्या, एखाद्या मालकाच्या की खुद्द राजाच्या? मेरीलँड कॅल्व्हर्ट घराण्याचं. पेनसिल्व्हेनिया इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सने १६८१ साली विल्यम पेनला दिलं, कारण राजा पेनच्या वडिलांचं देणं लागत होता. (याच चार्ल्सने १६६८ मध्ये आपली मुंबई वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. एवढं सांगितलं की पेंगणारी पोरंही जागी होतात.) फेरफारही तपासा. व्हर्जिनिया १६०७ ला कंपनीचं होतं, १६२४ ला राजाकडे गेलं. आणि ज्यांची खरी वहिवाट होती, ते पोव्हाटन आणि वाम्पानोआग हे तिथले मूळ रहिवासी या कागदावर कुठेच नाहीत. उत्तरात हे वाक्य हवंच.

आता दोनच वसाहती खोलात घ्या. व्हर्जिनियात जो स्वखर्चाने माणूस आणेल त्याला माणशी ५० एकर मिळायचे. तंबाखू जमिनीचा कस खातो, म्हणून मळे नदीकाठाने लांबलांब पसरले. गावं धरलीच नाहीत. कारभार काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, आणि काउंटीचं न्यायालय बड्या मळेवाल्यांच्या हातात. राबायला आधी करारबद्ध मजूर, पुढे गुलाम आफ्रिकी.

मॅसॅच्युसेट्समध्ये कुटुंबंच्या कुटुंबं आली. जमीन गटाला मिळाली, मधोमध प्रार्थनागृह, भोवती घरं, म्हणून गावसभा जमली. इथे मुलं लगेच ‘लोकशाही’ लिहून मोकळी होतात. जरा थांबा. १६३१ पासून वसाहतीच्या निवडणुकीत मत फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना होतं. वेगळी मतं मांडणाऱ्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला तर हाकलूनच दिलं. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं.

न्यू यॉर्क, जॉर्जिया दोन-दोन ओळींत उरका.

शेवटी गव्हर्नरचा पगार कोण देतो ते बघा. पगार ज्याच्या हातात, गव्हर्नर त्याच्या मुठीत; गुण इथे मिळतात. व्हर्जिनियात १६८० पासून तंबाखूवरच्या कायमच्या जकातीतून ती सोय झाली. मॅसॅच्युसेट्सला १६९१ च्या सनदेने राजाचा गव्हर्नर आला खरा, पण तिथल्या प्रतिनिधीसभेने त्याचा पगार कायमचा बांधून द्यायला साफ नकार दिला.