युद्धाबद्दलचा गुप्त कायदेशीर सल्ला उघड करून घ्यायचा तर अमेरिकेत दावा कसा लावावा

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला न विचारता कुठे हल्ला करतो, तेव्हा त्यामागे बहुधा एक कागद असतो. न्याय खात्यातल्या ‘ऑफिस ऑफ लीगल कौन्सेल’ या कार्यालयाचे वकील त्यात लिहून देतात की हा हल्ला कायद्यात बसतो. सरकारी खाती हे मत बंधनकारक मानतात. कधी सरकार ते आपणहून छापतं, उदाहरणार्थ लिबियावरच्या कारवाईबद्दलचं १ एप्रिल २०११ चं मत. पण असं दरवेळी होत नाही. मग हाती राहतो १९६६ चा माहिती स्वातंत्र्य कायदा, ज्याला तिकडे सगळे ‘फोया’ म्हणतात.

आपल्या माहिती अधिकाराची सवय असलेल्यांनी दोन फरक आधीच लक्षात ठेवावेत. फोयाला नागरिकत्वाची अट नाही, सांगलीत बसूनही अर्ज करता येतो. आणि तिथे माहिती आयोग नावाचा मधला टप्पा नाही. खात्यातलं अपील फेटाळलं की थेट फेडरल न्यायालय.

आधी कात्रणं, मग अर्ज

बहुतेक लोक अर्ज आधी टाकतात. मी उलट सांगेन. मंत्री, राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार, प्रवक्ते या हल्ल्याच्या कायदेशीरपणाबद्दल जाहीरपणे काय काय बोलले, ते तारखेसह गोळा करा. भाषणं, काँग्रेससमोरच्या साक्षी, पत्रकार परिषदा. शेवटी दावा जिंकला तर याच फायलीवर जिंकाल. कारण पुढे येईलच.

अर्जात ‘हल्ल्यांसंबंधी सर्व कागदपत्रं’ असं मोघम लिहू नका. कोणत्या कार्यालयाचं मत, कोणत्या कारवाईबद्दल, कोणत्या काळातलं, ते नेमकं लिहा. पूर्ण कागद देता येत नसेल तर गोपनीय भाग काळा करून कायदेशीर विवेचन तरी द्या, हीही मागणी घाला. वेगळा काढता येण्याजोगा मजकूर द्यायला कायदा खात्याला बांधतो. शुल्कमाफी आणि तातडीची प्रक्रिया याच अर्जात मागून ठेवा.

तारखांची वही

उत्तरासाठी खात्याला कामाचे २० दिवस असतात, काही कारणं दाखवून आणखी १० घेता येतात. मुदत उलटली आणि उत्तर नाही, तर अपील न करता दावा लावता येतो. पण इथे एक खड्डा आहे. मुदत संपल्यावर, तुम्ही दावा लावण्याआधी नकार आला, तर आधी अपील करावंच लागतं, नाहीतर तेवढ्यावरूनच दावा फेटाळला जाऊ शकतो. अपिलाला किमान ९० दिवस मिळतात.

‘असा कागद आहे की नाही, हेही आम्ही सांगणार नाही’ असं उत्तर आलं तर चक्रावू नका. याला ‘ग्लोमार’ उत्तर म्हणतात. समुद्रतळाशी गेलेली सोव्हिएत पाणबुडी वर काढण्यासाठी सीआयएने वापरलेल्या जहाजाच्या नावावरून. तोही नकारच, त्याच्यावरही अपील होतं.

दावा कुठे लावायचा

तुम्ही राहता तिथे, कागद असतील तिथे, किंवा वॉशिंग्टनमध्ये. परदेशी अर्जदाराला व्यवहारात वॉशिंग्टनच उरतं, आणि तिथली हवा फारशी अनुकूल नाही. २०१४ च्या जानेवारीत तिथल्या अपील न्यायालयाने एफबीआयसाठी लिहिलेलं असंच एक मत झाकून ठेवू दिलं. मत मागणाऱ्या खात्याने ते आपलं धोरण म्हणून स्वीकारलेलं नसेल तर तो निव्वळ सल्ला, असं न्यायालयाचं म्हणणं. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्याने न्यूयॉर्कच धरावं.

दाखल करण्याची फी ४०५ डॉलर. एकट्या माणसाला वकिलाशिवाय दावा चालवता येतो, संस्थेला नाही. सरकारला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. साक्षीपुरावे, उलटतपासणी असलं नाट्य बहुधा होतच नाही, सगळं प्रतिज्ञापत्रांवर चालतं. कागद का झाकला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असते. म्हणून कोणता कागद कोणत्या अपवादाखाली रोखला याची तपशीलवार यादी मागा. १९७३ च्या निकालावरून तिला ‘व्हॉन इंडेक्स’ म्हणतात. न्यायाधीशांनी कागद स्वतःच्या दालनात वाचावा, अशीही विनंती करता येते.

सरकार कायद्यातले तीन अपवाद पुढे करेल, क्रमांक कायद्यातलेच. पहिला, मजकूर गोपनीय वर्गातला आहे. तिसरा, दुसरा एखादा कायदा तो उघड करू देत नाही. पाचवा, हा वकील-अशील यांच्यातला सल्ला आहे. राष्ट्रीय सुरक्षेच्या बाबतीत न्यायाधीश सरकारी शब्दावर पटकन विश्वास ठेवतात, तेव्हा ‘हे गोपनीय नव्हतंच’ असं भांडण्यात फार शक्ती घालवू नका. ‘तुम्ही हे आधीच सांगून बसलात’ हा मुद्दा धरा.

अवलाकी प्रकरण

अमेरिकी नागरिक असलेला, अल-कायदाशी जोडलेला अन्वर अल-अवलाकी ३० सप्टेंबर २०११ रोजी येमेनमध्ये ड्रोन हल्ल्यात मारला गेला. स्वतःच्याच नागरिकाला खटल्याविना मारण्याचा कायदेशीर आधार काय, हे विचारणारे अर्ज न्यूयॉर्क टाइम्सचे स्कॉट शेन आणि चार्ली सॅव्हेज यांनी केले, अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेनेही केला. शेन यांचा अर्ज तर जून २०१० चा, म्हणजे हल्ल्याच्या आधीचा. जानेवारी २०१३ मध्ये न्यायाधीश कॉलिन मॅकमॅहन यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला, तोही नाराजी लपवून न ठेवता.

पुढच्याच महिन्यात याच विषयावरचं न्याय खात्याचं १६ पानी टिपण फुटलं. नुसत्या फुटण्याने काही होत नाही, फुटलेला कागद म्हणजे सरकारी कबुली नव्हे. पण नंतर ते टिपण सरकारने अधिकृतपणेही दिलं. शिवाय अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर मार्च २०१२ मध्ये याच तर्काचं जाहीर भाषण करून गेले होते. न्यूयॉर्कमधल्या अपील न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये हे सगळं शेजारी ठेवून पाहिलं आणि म्हटलं की हल्ला कायदेशीर असल्याची ग्वाही जगाला देऊन झाल्यावर तो तर्क आता गुपित राहिलेला नाही. ‘ऑफिस ऑफ लीगल कौन्सेल’चे डेव्हिड बॅरन यांनी सही केलेलं १६ जुलै २०१० चं मत २३ जून २०१४ रोजी लोकांच्या हाती आलं. गुप्तहेरांकडून मिळालेली माहिती काळी केलेली, कायदेशीर युक्तिवाद बराचसा शाबूत.

जिंकल्यावरही लगेच हुरळून जाऊ नका. त्याच वादींनी आणखी काही मतं मागितली, तिथे तितकी जाहीर कबुली नव्हती, आणि २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने ती झाकलेलीच ठेवली. दाव्याच्या दबावाने सरकारने मध्येच कागद सोडून दिले, तरी वकिलाची फी सरकारकडून मागता येते, २००७ च्या दुरुस्तीने तशी सोय केली आहे. मात्र वकील न लावता स्वतःच लढलात, तर तुमच्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.